लिंबाच्या पानावरची मोजणी

१

माझ्या सासूबाई भागाबाई होत्या तोवर शेजारणींना सांगायच्या, "आमच्या शिवकन्येला भूत दिसलं तर ती आदी त्येचं आधार कार्ड मागंल." त्यात खोटं काही नाही. मी खजुरीच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं नववीच्या वह्या तपासल्यावर माणूस कशावरही पटकन विश्वास ठेवत नाही. तेव्हा जे पाहिलं, ऐकलं आणि फूटपट्टीनं मोजलं, तेवढंच इथं लिहिते.

दिवाळीनंतर मी नववीला प्रकल्प दिला. विषय नागअळी. लिंबाच्या कोवळ्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतात ना, ते तिचं काम. तिचा पतंग तांदळाच्या कणीएवढा. चांदीसारखे पांढरे पंख, त्यावर तपकिरी रेघा, कडेला बारीक झालर आणि टोकाला एकच काळा ठिपका. मादी पानावर अंडं घालते, अळी बाहेर न येता थेट पानात शिरते. वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्या मधल्या जागेत ती राहते, खाते, वाढते. वाट रुंद होत जाते आणि वाटेच्या मधोमध तिच्या विष्ठेची काळी रेघ राहते. शेवटच्या अवस्थेत तिला खायचं तोंडच नसतं. मग ती पानाच्या कडेशी येते, रेशमानं कड स्वतःवर दुमडून घेते आणि कोशात जाते. आठवड्याभरात पतंग बाहेर. सगळं मिळून वीस दिवसांचा संसार.

पोरांनी पानं आणायची, वाटा बटर पेपरवर गिरवायच्या आणि एकमेकांवर ठेवून बघायच्या. निष्कर्ष मला आधीच ठाऊक होता, की कुठल्याही दोन वाटा सारख्या नसतात. अळीला कुठं नकाशा दिलेला असतो? त्रेसष्ट पानं आली, त्रेसष्ट वाटा वेगळ्या निघाल्या. पोरं खूश, मी खूश.

मग हौसेनं घरामागच्या लिंबाची सात पानं मी स्वतः गिरवली. सातही वाटा एकच निघाल्या. तेच वळण, तीच गाठ, तोच अर्धवट थांबलेला शेंडा. मी स्वतःला नापास केलं, एकच पान सात वेळा गिरवलं असणार असं म्हणून पुन्हा गिरवलं. पुन्हा तेच आलं. सातही पानं मी जुन्या हजेरीपटात दाबून ठेवली आणि स्वयंपाकाला लागले, कारण भाकरी कुणासाठी थांबत नाही.

२

आमच्या घरी तीन माणसं. मी, माझे यजमान बुद्धरत्न आणि सासरे ज्ञानोबा, म्हणजे अप्पा. बुद्धरत्न आळंदच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहेत. गावातल्या निम्म्या लोकांचं रक्त त्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांना कुणाचंच फार कौतुक वाटत नाही. अप्पा मोजणी खात्यात साखळीवाले होते. मोजणीदारसाहेब छत्रीखाली उभे राहायचे आणि अप्पा तेहतीस फुटांची लोखंडी साखळी ओढत उन्हात चालायचे. आळंद तालुक्यातलं असं रान नसेल जिथं त्यांची टाच उमटली नाही.

आता अप्पा अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि गेल्या दोन वर्षांपासून विसरतात. जेवलेलं विसरतात, न जेवलेलंही विसरतात. मुलाला "रावसाहेब" म्हणतात आणि उभं राहून चहा देतात. बुद्धरत्नांना साहेब होण्याची हौस होतीच, ती अशी घरबसल्या भागली. मला मात्र अप्पा कधी विसरले नाहीत. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझं बीएड अर्धं राहिलं होतं. ते पुरं व्हावं म्हणून रोज पहाटे चूल पेटवणारा हा माणूस. माझ्या बापानं जेवढं केलं नाही तेवढं यांनी केलं. म्हणून पुढं जे झालं त्यात मी हसतही होते आणि मनातून घाबरतही होते, हे आधीच सांगून टाकते.

बटर पेपर जेवणाच्या टेबलावर पडला होता. अप्पांनी तो उचलून खिडकीशी धरला.

"मोजणीचं फिल्डबुक कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"कसलं फिल्डबुक, अप्पा? लिंबाचं पान आहे ते."

"पान कसं? ही मधली काळी रेघ साखळीची. दोन्ही अंगाला माप सोडल्यालं हाय." त्यांचं बोट रेघेवरून सावकाश चालू लागलं. "हितं लिंबाचं झाड. हितनं धुण्याचा दगड. मागचं दार. सैपाकघर. हितं बुद्धमूर्तीच्या मांडणीपाशी वळण घेतलंय. बराबर हाय की. आपलाच प्लॉट हाय ह्यो, म्होरं निमुळता."

आमचा प्लॉट खरंच पुढं निमुळता आहे. रस्ता तिरका गेलाय म्हणून. तोपर्यंत तो पानासारखा आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

३

आता माझ्यातली शिक्षिका जागी झाली. पान सात सेंटिमीटर, प्लॉट सत्तर फूट. एका सेंटिमीटरला दहा फूट, हिशेब तोंडी होण्यासारखा. रविवारी मी तुऱ्हाट्या तोडून खुंट्या केल्या, डोक्याला चुना लावला आणि वाटेच्या प्रत्येक वळणाला एक ठोकली. लिंबापासून मागच्या दारापर्यंत पाच खुंट्या बसल्या. घरात शहाबादी फरशी, तिथं खडूनं फुल्या मारल्या. मला सिद्ध करायचं होतं की हे जुळत नाही.

सगळं जुळलं. एक फुली चुलीच्या ओट्याच्या कोपऱ्यावर, एक मांडणीच्या पायापाशी, शेवटची अप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यावर. तिथं वाट संपत होती.

अप्पा त्या दिवशी इतके आनंदात होते की बोलायची सोय नाही. टोपी घालून माझ्या मागं मागं हिंडत होते, "डावीकडं घे, पोरी, अर्दा फूट," असं सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. शेजारची चन्नव्वा अक्का भिंतीवरून बघत होती. आमच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडं तिचं अंगण. ती घरी कन्नड बोलते आणि आमच्याशी तिची स्वतःची मराठी.

"टीचर, घर इकायलाव काय?" ती म्हणाली.

"नाही अक्का, अळी मोजतेय."

"अय्यो. अळीला येवडं मोठं घर कशाला?" म्हणून ती आत गेली.

मी हसले. बुद्धरत्न दवाखान्यातून आले, फरशीवरच्या फुल्या बघून म्हणाले, "लंगडी खेळायचं वय आहे का तुझं?" छान गेला तो रविवार.

४

मला अस्वस्थ केलं ते आवाजानं.

चार वाजता चहा पिऊन अप्पा घरात फेऱ्या मारतात, ही जुनी सवय. त्या आठवड्यात मी नीट पाहिलं. उजव्या हाताची मूठ कमरेशी घट्ट मिटलेली. थोडं चालायचे, थांबायचे, टाच आपटायचे आणि म्हणायचे, "हां." मग वाट बघायचे. आणि मग मागच्या अंगणातून आवाज यायचा, खळ्ळ. लोखंडाच्या कड्या फरशीवरून ओढल्यासारखा. लगेच अप्पा पुढं चालू लागायचे.

अक्काच्या म्हशीची साखळी असेल, असं मी ठरवलं. तीन दिवस तसंच ठरवून ठेवलं. चौथ्या दिवशी आवाज स्वयंपाकघरातून आला आणि मी त्या वेळी स्वयंपाकघरातच होते. गॅसवर दूध होतं, खिडकीतून चांगलं लख्ख ऊन आलं होतं आणि माझ्या पायाजवळून काहीतरी ओढत गेलं. दिसलं काहीच नाही. दूध मात्र उतू गेलं.

संध्याकाळी मी अक्काला सहज विचारलं, "म्हशीला साखळी बांधता का दोर?"

"म्हस कुठं हाय आता? दसऱ्यालाच निंबर्ग्याला लेकीकडं धाडली. दोन शेरडं हायत, ती दोरीवर." तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "डोळं वडल्यालं दिसायलंय, टीचर. पोरं लय तरास द्यायलीत व्हय?"

मी हो म्हणाले. पोरांच्या नावावर काहीही खपतं.

रात्रीपर्यंत कशाला थांबा म्हणून त्याच संध्याकाळी मी अप्पांना विचारलं. ते कट्ट्यावर शेंगा सोलत बसले होते. सोलत होते, खात नव्हते.

"अप्पा, साखळी ओढायला किती माणसं लागतात?"

"दोन. येक म्होरला, येक मागला. म्होरला वढतो, मागला त्याच्या मागं जातो. म्होरल्यानं वढलं की मागल्याला जावंच लागतंय. तीच नोकरी हाय."

"तुम्ही कोण?"

"मी मागला."

"आणि म्होरला?"

अप्पांनी शेंगा खाली ठेवल्या. अंगणातल्या लिंबाकडं नाही, थेट स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "नवा हाय गडी. वळख न्हाई. पर हात लय साफ हाय त्येचा. मुका हाय बिचारा. तोंड फुटायचंय अजून."

५

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी जेवण सोडलं. भांडण नाही, तक्रार नाही. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि तसाच ठेवून हात धुवायचे. धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, शेवटी गोड शिरा केला. नुसते हसून बघायचे. दुपारी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि अंगावरच्या वाकळीची कड हलकेच स्वतःवर दुमडून घ्यायचे. मी उलगडली की पुन्हा दुमडायचे.

बुद्धरत्नांनी रक्त नेलं, लघवी नेली, सगळं तपासलं. "रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही.

मी हजेरीपट काढला. का काढला ते सांगता येणार नाही. सातही पानं वाळून कडक झाली होती. बटर पेपरवरची वाट अप्पांच्या उंबऱ्यावर संपत होती, मी ती स्वतः दोनदा गिरवली होती. कागद पानावर ठेवला. पानावरची वाट त्याच्या पुढं गेली होती. उंबरा ओलांडून खोलीत, खोलीतून खाटेच्या पायथ्याशी. सातही पानांवर. फूटपट्टी लावली, नऊ मिलिमीटर. म्हणजे नऊ फूट.

वाळलेल्या पानात अळी जगत नाही. हे मी वर्गात सांगते, परीक्षेत विचारते, त्याला एक गुणही देते. पान उजेडाकडं धरलं. आत काही होतं की नाही हे मला नीट दिसलं नाही, आणि खरं सांगते, मी नीट पाहिलंही नाही. वाटेपासून पानाच्या कडेपर्यंत आता फार थोडी जागा उरली होती. कडेपलीकडं चन्नव्वाचं अंगण.

मी तशीच अप्पांच्या खाटेशी गेले. "अप्पा, मोजणी थांबवायची असेल तर काय करतात?"

"हद्दीच्या खुंट्या कुनी ठोकल्या?"

"मी."

ते कौतुकानं हसले. "मग कशी थांबंल, पोरी? मोजणीवाला नुसता दावतो. ज्येचं घर हाय त्येनं सोताच्या हातानं खुंटी ठोकली, म्हंजी त्येनं मोजणी मानली. तीच सही. म्हनून तर मी समद्यास्नी सांगायचो, आदी बगा, मग ठोका."

मी बावीस वर्षं पोरांना हेच सांगते. आधी बघा, मग लिहा. घाई कुणी केली तर मीच.

त्या संध्याकाळी मी पाचही खुंट्या उपटून चुलीत घातल्या आणि फुल्या ओल्या फडक्यानं पुसल्या. खडू गेला. फुल्यांच्या जागी फरशीवर बारीक पांढऱ्या रेघा राहिल्या, त्या घासूनही निघाल्या नाहीत.

"शेवट कधी आहे, अप्पा?" मी विचारलं.

"येळवसंला," ते म्हणाले आणि वाकळीची कड ओढून घेतली.

६

येळवस म्हणजे आमच्याकडं वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. वेळ अमावस्या. डिसेंबरातल्या त्या दुपारी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात, कडब्याच्या कोपीभोवती, म्हणजे छोट्या खोपटाभोवती, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि बाजरीची भाकरी घेऊन. ज्याला रान नाही त्याला शेजारी नेतो. आम्ही दरवर्षी चन्नव्वा अक्काच्या तुरीत जेवतो. सकाळी भांडी घेऊन ट्रॅक्टर गेला, त्यावर बुद्धरत्न आंबिलीचा घट मांडीत घेऊन बसले. मी अप्पांना घेऊन चालत येणार होते. वाट अर्ध्या तासाची.

अप्पा उठले नाहीत. वाकळीची कड भिंतीपर्यंत गेली होती. मी ओढली तर ती भिंतीला चिकटलेली. बारीक पांढरे धागे होते. जळमटं असतील असं म्हणाले मी, पण दिवाळीला ती भिंत मीच झाडली होती. धागे तुटताना तटतट वाजले. आत अप्पा शांत पडले होते, डोळे उघडे, फक्त उजवी मूठ बाहेर.

"अप्पा, चला. अक्कानं भज्जी केलीय."

"आज शेवटचं माप हाय, पोरी. त्येनं वढलं की जायाचं."

त्याच वेळी आवाज आला, खळ्ळ. घरातून नाही आता. भिंतीच्या पलीकडून, अक्काच्या अंगणातून. अप्पांची मूठ एक वीतभर भिंतीकडं सरकली. त्यांच्या पुढ्यात नुसती भिंत होती आणि ते त्या भिंतीकडं असं बघत होते की तिथं दार आहे.

मला राग आला. भीती वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी राग. माझ्या वर्गात मला न विचारता कुणी बाकावरून उठलं तर जसा येतो तसा. म्होरला ओढतो आणि मागल्याला जावंच लागतं, ठीक आहे. पण म्होरला कोण असावा हे कुठं लिहून ठेवलंय?

मी बाहेर पडले, रस्त्यानं वळून अक्काच्या अंगणात शिरले. फाटक नुसतं लोटलेलं. भर दुपारचं ऊन, चिटपाखरू नाही. शेरडंसुद्धा रानात नेलेली. अप्पांच्या खोलीची भिंत पाठीशी घेतली आणि पावलं मोजली. तेहतीस फूट म्हणजे माझी चौदा पावलं. तेरावर मला थांबावं लागलं, कारण समोर दोरीवर धोतर वाळत होतं.

चांगलं मोठं, पांढरंशुभ्र, चकाकणारं. त्यावर गंजाचे डाग पडावेत तशा तपकिरी रेघा, आणि खालच्या टोकाला धोब्याच्या खुणेसारखा एक काळा ठिपका. कडेला झालर होती. वारा अजिबात नव्हता आणि झालर हलत होती. डाग लिंबानं निघतील, असा विचार माझ्या मनात आला. बाईमाणसाचं डोकं कुठंही चालतं.

चौदावं पाऊल त्याच्या खाली पडणार होतं. मी खाली वाकले, डोळे मिटले आणि हात पुढं केला. हाताला साखळीच्या टोकाची पितळेची कडी लागली. उन्हात असूनही थंडगार. दुसऱ्या कुणाची बोटं तिच्यावर होती की नव्हती हे मी सांगणार नाही, कारण मला पक्कं माहीत नाही. मी कडी मुठीत धरली आणि हिसडा दिला.

"अप्पा," मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "चला."

भिंतीपलीकडून खाट करकरली आणि आवाज आला, "हां."

मी वळून पाहिलं नाही. मूठ कमरेशी धरून फाटकातून रस्त्यावर आले. आमच्या पुढच्या दारातून अप्पा बाहेर पडत होते, टोपी घालून, मूठ मिटून. तेहतीस फुटांवरून माझ्या मागं चालत आले. मी थांबले की थांबायचे, टाच आपटायचे, "हां" म्हणायचे. सगळं रिकामं गाव आम्ही असं मोजत पार केलं. कुणी पाहिलं असतं तर शाळेत माझी इज्जत राहिली नसती.

अक्काच्या तुरीत पोचलो तेव्हा सगळे कोपीभोवती आंबील शिंपडत फेऱ्या मारत होते. अप्पा सरळ पंगतीत जाऊन बसले. दोन भाकरी, तीन उंडे आणि भज्जीचं भांडं जवळजवळ एकट्यानं संपवलं. बुद्धरत्नांकडं पाहून म्हणाले, "रावसाहेब, तुमी बी बसा. लाजायलाव कामून?" बुद्धरत्न बसले आणि डोळे पुसत जेवले. भज्जीत मिरची जास्त झाली, असं म्हणाले.

७

संध्याकाळी घरी येऊन मी हजेरीपट उघडला. सातही पानांची कड दुमडलेली होती. मी टाचणीनं एक दुमड उघडली. आत तपकिरी कोश, एका टोकाला फुटलेला. रिकामा. सातही रिकामे.

खरं तर हा प्रकल्पाचा शेवट. अंडं, अळी, कोश, पतंग. पतंग उडून गेला की पानाशी त्याचा संबंध संपतो. मी तसं वहीत लिहिलं, पानं चुलीत टाकली आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

दोन दिवसांनी धुणं धुताना मी अक्काला विचारलं, "येळवसंला दोरीवर धोतर कुणाचं होतं?"

"आमच्यात धोतर कोन नेसतंय, टीचर? समदे प्यांटवाले."

मी कपडे पिळत राहिले.

अप्पांना मात्र सगळं विचारता येतं, कारण त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. "अप्पा, मी कडी सोडली तर?"

"तर तो धरंल. साखळीला दोनच टोकं आसत्यात. म्होरलं तुज्याकडं, मागलं माज्याकडं. दोनी टोकं घरात हायत तवर तिसऱ्याचं काय काम?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "भिऊ नगं. मागलं मी सोडत न्हाई."

बीएडच्या वेळीही असंच म्हणाले होते.

तेव्हापासून रोज चारला चहा पिऊन आम्ही दोघं मोजणी करतो. मी पुढं, ते मागं. घरातून निघायचं, लिंबाला वळसा घालायचा, रस्त्यानं मारुतीच्या पारापर्यंत जायचं आणि परत यायचं. मुठीत काही नसतं, हे मला कळतं. तरी मूठ मी उघडून बघत नाही. अप्पांचं वजन चार किलोनं वाढलंय. बुद्धरत्न सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन कट्ट्यावर उभे राहतात, साहेबासारखे, आणि आम्हाला "चला, चला, सरकारी काम आहे" म्हणून ओरडतात. शेजारची पोरं हसतात. मीही हसते. गेल्या कित्येक वर्षांत या घरात एवढं हसू झालं नव्हतं.

काल चारलाच निघालो होतो. थंडी म्हणून अप्पांना मी पायजमा आणि लाल स्वेटर घातला होता. अक्का फाटकात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोरून गेले, तिनं मान हलवली. मग ती माझ्या मागं बघत राहिली, सुपातला हात थांबला.

"टीचर," ती हसून म्हणाली, "सोलापूरचं पाव्हणं आलंय व्हय?"

"नाही. कोण पाहुणा?"

"म्होरं तुमी, मागं अप्पा. मधी धोतरवालं चाललंय की. लय पांढरं नेसलंय बगा. कोन हाय त्ये?"

साखळी माझ्या मुठीत ताणलेली होती. सोडली असती तर मागं वळून बघता आलं असतं. मी मूठ आणखी घट्ट केली.

"असेल कुणी ओळखीचं, अक्का," मी म्हणाले आणि पुढचं पाऊल टाकलं.

मागून, तेहतीस फुटांवरून, अप्पांचा आवाज आला, "हां." आणि त्याच्या जरासा आधी, माझ्या खांद्याच्या अगदी जवळून, आणखी एक.